बिनधुराचं इंजिन

“फरहाना! लवकर ये! भीमसिंगकाका पडले!”

अय्याजची हाक ऐकताच फरहाना आणि अर्पिता कॅरम तसाच टाकून मागच्या अंगणात धावल्या. टिनाच्या शेडच्या दारात भीमसिंगकाका भिंतीला धरून वाकले होते आणि भडाभडा ओकत होते. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता.

“ऊन लागलं!” फरहानाची अम्मी जुबैदा म्हणाली आणि पन्हं आणायला आत पळाली.

भीमसिंगकाकांची जुनी पांढरी व्हॅन गेली अकरा वर्षं आर्णीतल्या मुलांना शाळेत नेत होती. यंदा उन्हाळ्यात तिने दम तोडला. इंजिनातून खडखड आवाज आणि मागून निळा धूर! फरहाना आणि अय्याजचे अब्बू, निजामुद्दीन मिस्त्री, यांनी इंजिन उघडलं, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या आणि एक बेअरिंग पार वितळलेलं. दुकानासमोरच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून त्यांनी काम घरच्या शेडमध्ये आणलं. नवे भाग बसले आणि आज दार लावून पहिल्यांदा इंजिन सुरू केलं होतं.

काका कडुनिंबाखाली खाटेवर पडून राहिले. अर्ध्या तासात ते उठून बसले.

“मस्त वाटून राह्यलं आता!” ते म्हणाले, आणि सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी मात्र कुणी हसलं नाही. सकाळी बंद शेडमध्ये इंजिन पुन्हा थोडा वेळ चाललं होतं. दुपारी अय्याज शेडमधून बाहेर आला, तेव्हा त्याच्या हातांत चमकी होती. चमकी म्हणजे त्याचं लाडकं करडू. तिची मान लोंबकळत होती.

“ती उठतच नाही!” तो कसाबसा म्हणाला.

“साप डसला असंल,” अब्बू कपाळ चोळत म्हणाले. त्यांचंही डोकं सकाळपासून ठणकत होतं. काठी घेऊन त्यांनी शेडचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. साप मिळाला नाही.

“त्या जागेतच काहीतरी वाईट हाये,” शेजारच्या इंदूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. अर्पिता त्यांची भाची. ती दर उन्हाळ्यात बाभुळगावहून यायची. मावशीचं बोलणं ऐकून ती शेडच्या दारापासून लांब सरकली.

संध्याकाळी चमकीला पुरून तिघं कडुनिंबाखाली बसली.

“जिन असंल काय गं?” अय्याजने विचारलं.

“जिनाला व्हॅन कशाला लागते? शाळेत जायला?” अर्पिता म्हणाली.

फरहाना मात्र विचारात पडली होती. “चमकीच्या अंगावर दंशाची खूण नव्हती. मी नीट पाहिलं. आणि काकांना ऊन लागलं असतं, तर बाहेरच्या झळांत पडून ते बरे कसे झाले?”

“मी तर चार दिवस शेडमध्येच बसून सामान पुसत होतो. मले काईच झालं नाही!” अय्याज म्हणाला.

“तेव्हा इंजिन चालू होतं?”

“नाही... तेव्हा तर ते उघडलेलंच होतं.”

“म्हणजे इंजिन चालू झाल्यावरच हे सगळं झालं!” फरहाना म्हणाली.

“फरहाना,” अर्पिता हळूच म्हणाली, “हिवाळ्यात पेपरात आलं होतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत. शेगडीतून निघालेल्या वायूला रंग नसतो, वास नसतो. कार्बन मोनॉक्साइड! गाडीच्या धुरातही तो असतो!”

तिघंही धावत शेडमध्ये अब्बूंकडे गेली. अब्बू ऐकून हसले.

“अरे बेटा, धूर होता तवा होता! नव्या रिंगा टाकल्या ना आता. पाह्य, धुराचा पत्ता नाही!”

“पण तो दिसत नाही अब्बू! निदान दार तरी उघडं ठेवा!”

“अन् या वाऱ्यात धूळ इंजिनात गेली म्हणजे? एअर फिल्टर लावाचा हाये अजून. उद्या एक घंटा चालवतो, की काम खतम!”

भीमसिंगकाकांनीही मान डोलावली. “कायले घाबरता पोरांनो? मिस्त्री हाये ना!”

फरहाना रडायच्या बेतात होती. तेवढ्यात तिची नजर इंजिनावर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीवर गेली. गाडीची टाकी काढलेली होती, म्हणून अब्बूंनी त्या बाटलीत पेट्रोल भरून नळी इंजिनाला जोडली होती. अब्बू धुराला घाबरत नव्हते. पण आगीला? आगीला ते फार घाबरत!

“अब्बू, गरम इंजिनावर पेट्रोलची बाटली? भडका उडाला तर?”

“हे मात्र बरोबर बोलली!” अब्बूंनी लगेच बाटली बाहेरच्या खिळ्याला टांगली आणि नळी टिनाच्या भोकातून आत घेतली.

अंगणात आल्यावर फरहाना कुजबुजली, “दार लावलं तरी इंजिन आता आपल्या हातात आहे. नळी दाबली की बंद!”

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता शेडची कडी आतून लागली. इंजिन गुणगुणू लागलं. खरंच, धुराची एक रेघही दिसत नव्हती. तिघं भिंतीला चिकटून उभी होती.

पाच मिनिटांनी फरहानाने टिन वाजवलं. “अब्बू, ठीक आहात?”

“हो! कायले तरास देता!”

आणखी पाच मिनिटं गेली. पुन्हा ठकठक.

“ह... हो...” आवाज जड होता. पाठोपाठ पाना खाली पडल्याचा खणकन आवाज झाला.

“अब्बू? काका?”

उत्तर आलं नाही!

फरहानाने दोन्ही हातांनी नळी मुरगाळली. इंजिन गुणगुणतच होतं.

“बंद काहून नाही होत?” अय्याज किंचाळला.

“आत थोडं पेट्रोल उरलं असेल! तू अम्मीला आणि इंदूबाईंना बोलाव! अर्पिता, एकशे आठला फोन लाव!”

फरहाना एकटी उरली. नळी दाबून तिची बोटं पांढरी पडली होती. शेवटी इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं. ती शांतता तिला इंजिनाच्या आवाजापेक्षा भयंकर वाटली. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. कण्हणंसुद्धा नाही.

अर्पिता फोन करून परतली. दोघींनी भिंतीशी टेकवलेली लोखंडी सब्बल दाराच्या फटीत घातली आणि सगळं अंग टाकून जोर लावला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा कडीचे स्क्रू करकरत निघाले आणि दार उघडलं!

अब्बू पुढच्या चाकाशी आडवे पडले होते, काका भिंतीला टेकून.

“एकदम शिरू नको! हवा जाऊ दे!” अर्पिताने तिचा हात धरला. फरहानाने दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली, छाती भरून श्वास घेतला, तो रोखला आणि आत झेपावली. अब्बूंचे पाय धरून तिने ओढलं. ते हातभरच सरकले. ती बाहेर आली, श्वास घेतला, पुन्हा आत गेली. तोवर अम्मी आणि इंदूबाई पोहोचल्या. चौघींनी मिळून दोघांना फरफटत कडुनिंबाखाली आणलं.

अब्बूंचे गाल विचित्र गुलाबी दिसत होते.

“अब्बू, उठा ना!” अय्याज त्यांच्या छातीवर डोकं ठेवून रडत होता. एकाएकी तो ओरडला, “श्वास चालू आहे! मले ऐकू येऊन राह्यला!”

ॲम्ब्युलन्स आली, ऑक्सिजन लागला. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी अम्मीला सांगितलं, “आणखी दहा मिनिटं गेली असती, तर मी काही करू शकले नसते. इंजिन थांबवायचं कुणाला सुचलं?”

अम्मीने तिघांकडे बोट दाखवलं. डॉक्टरीणबाई उठल्या आणि तिघांच्याही पाठीवर त्यांनी हात ठेवला. “शाबास! तुम्ही नुसते घाबरून बसला नाहीत!”

तेव्हा कुठे फरहाना रडली. सकाळपासून दाबून ठेवलेलं सगळं तिने अम्मीच्या पदरात मोकळं केलं.

आठवड्याने अब्बू आणि काका घरी आले. अब्बूंनी सगळ्यात आधी शेडचं दार बिजागऱ्यांसकट उतरवलं. मग सगळ्यांनी मिळून व्हॅन ढकलत उघड्या अंगणात आणली. एअर फिल्टर बसला, टाकी बसली.

“तू सांगत होती अन् मी हसलो, बेटा,” अब्बू खाली मान घालून म्हणाले. “वीस वर्षं इंजिनं खोलली, पण हे मले माहीत नव्हतं.”

“माह्या गाडीत बसणाऱ्या पोरांच्या मायबापाले मी सांगीन,” भीमसिंगकाका म्हणाले, “का या तीन लेकरांनी आमचा जीव वाचवला!”

अब्बूंनी किल्ली फरहानाच्या हातात ठेवली. तिने अय्याजला आणि अर्पिताला गाडीपासून चार पावलं मागे सरकवलं, वारा कुठून येतोय ते पाहिलं, अब्बूंना धुराच्या नळीपासून दूर, खिडकीच्या बाजूला उभं केलं, आणि मग आत बसून किल्ली फिरवली.