तिसऱ्या डब्यातले प्रवासी

बाटलीच्या झाकणात पाय. तांदळाच्या दाण्याएवढे, गुडघ्यापासून कापलेले, रंगवलेले.

दात कोरायचं जुनं यंत्र.

पांढऱ्या गोंदाची डबी, झाकण घट्ट लावलेलं.

स्वयंपाकघरातल्या खणात झटपट गोंदाची नळी. टोक ताजंताजं चिकटलेलं.

टेबलाच्या कोपऱ्यावर वाळलेलं रक्त.

"मी आले तेव्हा आजोबा गार होते हो," असं पुन्हा पुन्हा सांगणारी एक बाई.

हे सगळं भावजींनी एका दमात पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात काही म्हणता काही शिरलं नाही. वहिनी मात्र खोलीत आल्यापासून एकच गोष्ट बघत होत्या. टेबलावरच्या रुळांवर गोल गोल फिरणारी छोटी आगगाडी.

वहिनी खाजगी तपासाची कामं घेत. भावजी त्यांचे धाकटे दीर. ते स्कूटर चालवत, पिशवी धरत आणि चुकीचे निष्कर्ष काढत.

गेलेले गृहस्थ निवृत्त दंतवैद्य होते. बायको गेल्यावर एकटे राहत. कुणीतरी वापरून टाकलेली ही गाडी उघडून ते तिच्यात दिवे बसवत होते, प्रवासी बसवत होते. त्यांची नर्स सकाळी यायची, दुपारी घरी जायची, दिवेलागणीला परत यायची. काल ती परत आली तेव्हा ते टेबलापाशी पडलेले होते. डोक्याला खोक, अंगात जीव नाही. नेमके केव्हा गेले, दुपारी की संध्याकाळी, ते तपासणारे डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकले नव्हते.

सांगितलं ते गाडीने. सकाळी तिसरा डबा रिकामा होता, टप काढलेला. एक डबा भरायला म्हाताऱ्यांना अख्खी दुपार लागायची. आता तो भरलेला होता. म्हणजे ते संध्याकाळपर्यंत जिवंत होते, आणि संध्याकाळी घरात नर्सच होती. पोलिसांचा हिशेब सरळ होता. उद्या ते तिला घेऊन जाणार होते. म्हणून तीच वहिनींचा दरवाजा ठोठावत आली होती.

"जरा पडदे ओढा, भावजी."

अंधारात गाडीच्या खिडक्या उजळल्या. पहिल्या डब्यात पुस्तक वाचणारी बाई, दुसऱ्यात पेंगणारा टोपीवाला. तिसऱ्यात नुसत्या सावल्या.

"तिसऱ्यात धुकं पडलंय की," भावजी म्हणाले. "एसीचा डबा दिसतोय."

वहिनी हसल्या नाहीत. त्या डब्याचा टप एका टोकाला किंचित वर राहिला होता. त्यावरून त्यांनी नख फिरवलं.

"सकाळी त्यांनी मला हाच डबा दाखवला," नर्स म्हणाली. "दिव्यांची पट्टी टपाला लावून झाली होती. म्हणाले, आता फक्त माणसं बसवायची. फार खुशीत होते."

शेजारचे सर दर रविवारी गाडी बघायला यायचे. काल मात्र ते दिवसभर शाळेच्या समारंभात, शंभर माणसांसमोर होते.

"हे पाय कसले हो, सर?" भावजींनी झाकण पुढे केलं.

"प्रवाशांचे. बाकांपुढे जागाच नसते. पाय कापल्याशिवाय कुणी बसत नाही, डोकी टपाला लागतात. डॉक्टर हसायचे, म्हणायचे, जन्मभर दात काढले, आता पाय काढतो."

"आणि गोंद?"

"पांढराच. वाळता वाळत नाही, पण त्यांना कुठे घाई होती?"

शेवटी मुलगा आला. डोळे सुजलेले. "मी दुपारी बाबांबरोबर जेवलो आणि निघालो. ते तिसऱ्या डब्याला हात घालत होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी कधी हातसुद्धा लावला नाही."

त्याचा फोन वाजून थांबला. बघायला त्याने अंगठा टेकवला. फोन उघडेना. पुन्हा टेकवला, मग वैतागून आकडे दाबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सगळ्यांना त्याच खोलीत बोलावलं. फौजदारही आले.

वहिनींनी पातळ सुरीने तिसऱ्या डब्याचा टप उचकटला. आत प्रवासी अर्धवट उभे होते, बाकांना कसेबसे चिकटवलेले. प्रत्येकाला दोन्ही पाय.

"ज्यांनी दोन डबे भरताना सगळ्यांचे पाय कापले, ते तिसऱ्यालाच विसरले? आता खिडक्या बघा. झटपट गोंद बंद जागेत वाफ सोडतो आणि पारदर्शक प्लास्टिक पांढुरकं होतं. काल रात्री घरी एका डबीत करून पाहिलं."

"म्हणजे माझी गोळ्यांची डबी!" भावजी म्हणाले.

"हा डबा दंतवैद्यांनी भरलेला नाही. मग कुणी? सरांना हे काम माहीत आहे, ते पाय ठेवणार नाहीत. नर्सला माहीत नाही, पण तिने का भरावा? भरलेल्या डब्यामुळे तर ती अडकली. तो फायद्याचा एकालाच: जो दुपारी इथे होता आणि ज्याला म्हातारे संध्याकाळपर्यंत जिवंत दाखवायचे होते." त्या मुलाकडे वळल्या. "अंगठा दाखवता?"

त्याने मूठ मिटली. मग उघडली. अंगठ्याच्या पेरावर गोंदाचा कडक, चकचकीत पापुद्रा होता.

"मी नुसता दंड धरला," तो म्हणाला. "म्हटलं, बाबा, पुरे झालं एकटं राहणं, चला माझ्याकडे. ते हात सोडवायला गेले आणि... मी हाका मारल्या. बोलले नाहीत. मग ते प्रवासी दिसले."

"श्वास चालू होता?"

त्याने नखाने अंगठ्यावरचा पापुद्रा खरवडला.

"मी बघितलं नाही."

नर्स भिंतीला टेकून खाली बसली. "मला फोन करायचा होतात हो," ती म्हणाली. "दोन गल्ल्या सोडून तर राहते मी. धावत आले असते."

फौजदारांनी तिचं नाव कागदावरून खोडलं. भावजींनी गाडीचं बटण बंद केलं.

ती जुनी आगगाडी, आई गेली त्या वर्षी, बाबांचं मन रमावं म्हणून मुलानेच शोधून आणली होती.