घर क्रमांक एकशे सतरा

प्रेमकथेत भेट योगायोगाने होते. हेमाली आणि यज्ञेशची संगणकाने घडवली. ठाण्यातल्या एका संशोधन संस्थेला, आजारपणात घरातला निर्णय नेमका कोण घेतं, याचा छडा लावायचा होता. संगणकाने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोनशे चाळीस घरं निवडली, आणि कळव्यातलं एकशे सतरावं घर सर्वेक्षक हेमालीच्या वाट्याला आलं.

नियम कडक होते. प्रश्न छापलेत तसेच वाचायचे. उत्तर सुचवायचं नाही. सल्ला तर नाहीच. आणि घरातल्या प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून विचारायचं. नियम करणारे घोडबंदर रोडच्या मोठ्या फ्लॅटांत राहत असावेत. इथे खोली एकच होती. यज्ञेश पलंगावर बसला आणि त्याची आई मंजुळा 'वेगळी' म्हणून मोरीत भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज प्रश्नागणिक कमी होत गेला.

"कोणी आजारी पडल्यास उपचाराचा निर्णय कोण घेतं?"

"मी," यज्ञेश म्हणाला. खोपटच्या एसटी डेपोत तो मेकॅनिक होता.

मोरीतून खाकरणं ऐकू आलं.

"आई," त्याने दुरुस्ती केली. "तुमच्या घरी कोण घेतं, मॅडम?"

"प्रश्न मी विचारते."

"विचारा ना. मी कुठे चाललोय?"

मंजुळाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन लांबणीवर टाकण्याचं कारण?

"डोल्यान् थेंब कोन टाकील? दिसाला सा येला. याची ड्युटी बदलते. सून आली का करीन."

पर्यायांत सून नव्हती. हेमालीने 'इतर'वर खूण केली.

तीन महिन्यांनी दुसरी फेरी. यज्ञेशची दाढी गुळगुळीत होती आणि नखांतलं ग्रीस गायब झालं होतं. फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. तरी हेमालीला ते दिसलं.

"मागच्या भेटीनंतर घरात नवीन सदस्य आलाय का?"

"काय लिहू या? तुम्हीच सुचवा."

"सुचवायची परवानगी नाही."

मंजुळाने चहा पुढे केला तो हेमालीच्या हातापासून वीतभर बाजूला, हवेत. हेमालीने कप झेलला. निघताना, चपलेत पाय घालत, ती चपलेलाच म्हणाली, "मावशी... थेंब मी टाकेन."

ऑपरेशन झालं. फ्रिजवर वेळापत्रक चिकटलं — 'ह' आणि 'य'. डोंबिवलीहून कामावर जाताना 'ह' आधी कळव्याला उतरायची. उरलेले थेंब ड्युटी सांभाळून 'य'चे. दोघांची भेट बाटली एकमेकांच्या हातात देण्यापुरती.

"सकाळचे झाले. दुपारचा तुझा."

"तुझा?"

"तुमचा."

"नको. राहू दे तसंच..."

मग तिसरी फेरी आली. ऑपरेशनचा निर्णय कोणी घेतला?

"लिही आईने," यज्ञेश म्हणाला. "कोणाला कळतंय?"

"मला कळतंय."

तिने तिथेच बसून संस्थेतल्या आसावरी मॅडमना फोन लावला आणि चपलेला सांगितलेलं वाक्य सांगितलं. मॅडम शांतपणे बोलल्या. घर अभ्यासातून बाद. पुढच्या फेरीत हेमालीचं नावही ठेवता येणार नाही. तिने फॉर्मवर, घर वगळण्याचं कारण, 'इतर'पुढे लिहिलं — सर्वेक्षक गुंतली.

यज्ञेशने ते उलटं, पण नीट वाचलं.

"आमच्यामुळे काम गेलं तुझं."

"दुसरं बघेन."

"मग आता... येणार नाहीस?"

"फॉर्म घेऊन नाही येणार," हेमाली म्हणाली.

मोरीतला आवाज पार थांबला. मंजुळा ओल्या हातांनी दारात आली आणि नव्या डोळ्याने दोघांना आळीपाळीने निरखत राहिली.

"मंग लगीन कवा?"

हा प्रश्न कुठेच छापलेला नव्हता. हेमालीने यज्ञेशकडे पाहिलं. "सांग ना काहीतरी."

"उत्तर सुचवायचं नाही," यज्ञेश म्हणाला. "नियम आहे."