रेषेपुढचं पाऊल

"थांबव! इथंच थांबव!" नवरा लेकीला म्हणाला.

टीव्हीवरचं चित्र थिजलं आणि पलंगावर उशीला टेकून बसलेल्या तिनं नजर खाली वळवली... डॉक्टरांनी हात टेकल्यावर आईला जरा बरं वाटावं म्हणून लेकीनं कुठून कुठून शोधून आईच्या जुन्या भालाफेक स्पर्धेचं चित्रण मिळवलं होतं. तिला बिचारीला काय ठाऊक, आई हे सोडून काहीही बघायला तयार झाली असती!

नवरा उठून पडद्याजवळ गेला. पांढऱ्या रेषेच्या पुढे उचललेल्या तिच्या पावलावर त्यानं बोट ठेवलं.

"बघ तुझ्या आईचा पराक्रम! भाला फेकला आणि स्वतःच त्याच्यामागे धावली, जसा काही उचलून आणायचा होता!"

ती नेहमीसारखी हसली. पाहुणे आले की हा विनोद ठरलेला, आणि तो झाला की रिकामे कप उचलून तिचं आत जाणंही ठरलेलं. आज उठण्याइतकं बळ उरलं नव्हतं.

नवरा होण्याआधी तो तिचा प्रशिक्षक होता. भाला सुटला की डावा पाय रोवायचा आणि अंग पुढे झोकून द्यायचं; खुशाल पोटावर आपट, पण रेष ओलांडू नकोस, हे त्यानंच शिकवलेलं. देशोदेशीच्या मैदानांवर ती तशीच पडली, तळवे सोलले, कोपर फुटले, पदकं आली. एकदा सरावात तशीच पडली, आणि पोटातला कोवळा जीव गेला... आठवड्याभरात ती पुन्हा मैदानावर होती.

आणि मग ही शेवटची फेक! आयुष्यातली सर्वांत लांब. भाला पदकाच्या पल्ल्यात रुतला, पण ती पडलीच नाही, धावत रेषेपार गेली. फेक बाद. संघातलं तिचं नाव गेलं, पाठोपाठ त्याचंही. 'ऐन वेळी कच खाल्ली' हे वाक्य घरात असं मुरलं, की शाळेत भाषण विसरून आलेली लेक रडत म्हणाली होती, "मी आईवरच गेलेय!" तेव्हाही ती गप्पच राहिली.

"बाबा, पायाचं राहू द्या," लेक अचानक म्हणाली. "आईचा हात बघा ना. भाला सुटलाय, आणि डावा हात पोटाशी का धरलाय तिनं?"

तो वाकला. ही फेक त्यानं हजारदा आठवली असेल, पण प्रशिक्षकाच्या डोळ्यांनी. गुडघ्याच्या वर कधी पाहिलंच नव्हतं. 

"तेव्हाच... तुला ठाऊक होतं, दिवस गेल्याचं?"

तिनं पांघरूण पोटाशी ओढून घेतलं.

"अगं, बोल ना! मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही मला माफ केलं असतंत," ती हळूच म्हणाली. "आणि पोरीकडे बघितलं की दर वेळी तुम्हाला ते पदक दिसलं असतं. दोष घ्यायला मी होते की."

तो पलंगाशी खाली बसला. तिचा उजवा हात त्यानं आपल्या डोळ्यांवर दाबून धरला. "चुकलो गं... फार चुकलो!" ज्या शब्दांसाठी ती आयुष्यभर झुरली, ते शब्द आले, पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. ती लेकीकडे बघत होती. लेकीच्या चेहऱ्यावर हळूहळू तेच उतरत होतं, जे कधीही उतरू नये म्हणून तिनं तोंड शिवून घेतलं होतं.

"म्हणजे आई... माझ्यामुळे..."

"नाही गं बाळा! नाही!"

तिला लेकीचा चेहरा ओंजळीत घ्यायचा होता. नवऱ्याच्या हातातून सोडवून तिनं हात उचलला, पण तो खांद्यापाशीच अडला. भाला फेकून झिजलेल्या त्या खांद्याच्या वर तो कित्येक वर्षांत गेलाच नव्हता.

"बंद कर ते... बंद कर, राणी."

लेकीनं न बघताच रिमोटवर अंगठा टेकला, भलतंच बटण दाबलं गेलं. चित्र पुन्हा चालू झालं, पाऊल टेकलं, आणि फेक बाद ठरवणारा लाल झेंडा वर गेला.