चौदा दिवसांच्या बोलीवर

त्या दुपारी मी एका सुराच्या मागे लागले होते. कानांवर हेडफोन, समोर पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ, आणि त्या रेघेत कुठेतरी एक परका स्वर... ठण्... ठण्... एकटा, हट्टी, दार उघडेपर्यंत न हलणाऱ्या पाहुण्यासारखा. पकडायला जावे तर नाहीसा; मागे जाऊन पुन्हा ऐकावे तर भलत्याच जागी उगवलेला. अर्धा तास मी त्याला पुसत होते. शेवटी वैतागून हेडफोन काढले, तर तो अधिकच स्पष्ट ऐकू आला.

तो भिंतीपलीकडून येत होता.

संगीत-ग्रंथालयातल्या जुन्या रेकॉर्ड धुऊन, त्यांच्यावरची खरखर काढून, त्या संगणकात उतरवणे हे माझे काम. शेजारच्या छोट्या सभागृहातला पियानो कित्येक वर्षे मुका होता. आज त्याचे झाकण उघडे होते आणि एक माणूस कमरेपर्यंत त्याच्या पोटात शिरला होता.

"जरा थांबता का?" मी म्हणाले. "तुमचा हा स्वर मी अर्धा तास खोडतेय."

तो बाहेर आला. कपाळावर धुळीचा पट्टा, हातात तारा पिळायची किल्ली. "आणि मी अर्धा तास तोच लावतोय. तरीच हा जागेवर येत नाही."

"किती वेळ एकच पट्टी बडवणार आहात?"

"ती ऐकेपर्यंत."

"आणि नाहीच ऐकलं तर?"

"तर उद्या येईन. परवाही येईन." किल्ली बोटांत फिरवत तो म्हणाला, "हट्टी मंडळींशी माझं बरं जमतं."

हसू मी दारापर्यंत दाबून ठेवले. दार लागल्यावर मात्र माझा इलाज चालला नाही.

त्या दिवसांत माझ्या यंत्रावर एका थोर जॅझ पियानोवादकाचा अल्बम होता. थोर म्हणजे ज्याच्या तरुणपणीच्या रेकॉर्ड घराघरांत फिरल्या, ज्याच्या बोटांच्या वेगाच्या दंतकथा झाल्या, असा. हा अल्बम मात्र त्याच्या उतारवयातला. साथीला कुणी नाही. एकटा पियानो, आणि दोन स्वरांच्या मध्ये सांजेसारखी लांबत जाणारी शांतता. करड्या वेष्टनावर रिकाम्या खुर्चीचे चित्र. जाणकारांनी त्याला थकलेला ठरवले आणि लोकांनी जाणकारांचे ऐकले. आमच्या कार्डावर एकोणीस वर्षांत एकही शिक्का नव्हता. अशा रेकॉर्डसाठी आमच्याकडे एक नियम होता: दहा वर्षे कुणी घरी नेली नाही, तर तिची प्रत उतरवायची आणि मूळ रेकॉर्ड भंगारात काढायची.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. पाण्याचे टब, मऊ ब्रश आणि दोरीवर वाळत घातलेली फडकी पाहून म्हणाला, "म्हणजे तुम्ही आवाजाच्या धोबीण."

"आणि तुम्ही?"

"मी वाद्यांचे कान पिळतो. वडिलोपार्जित धंदा." त्याची नजर करड्या वेष्टनावर गेली आणि तिथेच थांबली. "ही तुमच्याकडे आहे?"

"ओळखता?"

"आमच्याकडची बाबांनी झिजवली होती. पांढरी पडली होती अगदी. पुढे मिळालीच नाही कुठे." मग, संकोचून, "झाली की... ऐकवाल?"

मी हो म्हणाले. पुढच्या दोन दिवसांत मी जितके काम केले तितके एरवी आठवड्यातही केले नसते. ओरखड्यांच्या टिचक्या काढल्या, खरखर काढली. पियानोच्या तळाशी सतत एक अस्पष्ट घुमणे होते, जुन्या यंत्राच्या मोटारीसारखे. तेही मुळासकट उपटले. काम पक्के झाले की रेकॉर्डवरून उतरवलेली कच्ची नोंद पुसायची, ही माझी पद्धत. मागे वळून पाहायला काही ठेवायचे नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सही करून मी रेकॉर्ड खाली भांडारात पाठवली, आणि दुपारी त्याच्या कानांवर माझे हेडफोन ठेवले. ठेवताना बोटे त्याच्या केसांना लागली... मी नको इतक्या घाईने हात मागे घेतला.

तो डोळे मिटून ऐकत राहिला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. डोळे मिटलेल्या माणसाकडे पाहायला परवानगी लागत नाही. पहिली बाजू संपली तेव्हा तो हळूच म्हणाला, "फार स्वच्छ झालंय."

"पण?"

"पण काही नाही."

"तुमच्या चेहऱ्यावर भला मोठा पण आहे."

त्याने हेडफोन काढले. "तो गुणगुणायचा. वाजवताना, बारीक आवाजात. बाबा म्हणायचे, नीट ऐक, गळा बोटांच्या अर्धं पाऊल पुढे आहे. म्हातारपणी बोटं वाट चुकायला लागली, म्हणून आवाज कंदील घेऊन पुढे चाललाय. हा अल्बम आहे तो तेवढ्यासाठीच." हेडफोन मला परत देत तो म्हणाला, "यात पियानो आहे. वाजवणारा घरी नाही."

मला मोटार वाटली होती.

"मला कुणी सांगितलं नव्हतं," मी म्हणाले, आणि मग, चूक आपली असली की जीभ जशी धारदार होते तशी, "आणि बेसूर गुणगुणणं जपून ठेवायचं असतं, असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही."

"नाही खरं," तो म्हणाला. त्याचे काम त्याच दिवशी संपत होते. जाताना त्याने दार अगदी हळू लावले. आपटले असते तर बरे वाटले असते.

रात्री जेवताना ताईला सगळे सांगितले. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आणि साठ वर्षांनी स्पष्टवक्ती.

"तू माणसांचीही हीच गत करतेस," ती म्हणाली. "एक मोठ्यानं हसतो म्हणून नको, दुसरा चहा फुरफुरतो म्हणून नको. सगळी खरखर काढल्यावर उरतं काय, बाई? रिकामी खुर्ची."

"तुला वेष्टनावरचं चित्र कुणी सांगितलं?"

"कसलं चित्र? वाढ तो भात."

सकाळी मी भांडार उघडायच्या आधीच दाराशी होते. आमच्या भांडारपालांना सगळे मामा म्हणतात. मामांनी कुलूप काढले, मी आत धावले. भंगाराच्या खोक्यांची जागा झाडून लख्ख केलेली होती.

"गाडी काल संध्याकाळीच आली की," मामा म्हणाले.

मी तिथल्या स्टुलावर बसले. जगात त्याच्या आणखी प्रती असतीलही कुठे. पण ही मी सही करून घालवली होती. एका म्हाताऱ्या माणसाच्या हातातला कंदील मी फुंकून विझवला होता, आणि वर त्याला स्वच्छता म्हटले होते.

"करड्या खोळीची का?" मामांनी चष्मा वर सरकवला. "ती नाही गेली. ती इश्यू झालीय."

"कुणाला?"

"तो पियानोवाला. काल निघताना आला, कपाटं धुंडाळायला लागला. म्हटलं, अरे बाबा, ती भंगारात आहे. तर म्हणतो, गाडी येईपर्यंत ती ग्रंथालयाचीच ना? नियमानं बरोबर होतं. तिथल्या तिथे सभासद झाला पठ्ठ्या." मामांनी कार्ड पुढे केले. एकोणीस वर्षांच्या कोऱ्या रकान्यात कालच्या तारखेचा जांभळा शिक्का, जरा तिरका. "आणि आता शिक्का पडला म्हणजे दहा वर्षं हिला कुणी हात लावत नाही. हे त्यानं दोनदा विचारून घेतलं."

दुपारी तो आला. काम संपले होते, तरी आला. बगलेत लोकरी मफलरमध्ये गुंडाळलेली रेकॉर्ड.

"कालचं बोलणं..." आम्ही दोघे एकदमच म्हणालो, आणि दोघेही थांबलो.

"आधी तुम्ही," मी म्हणाले.

"बाबांचं वेड तुमच्या माथी मारायला नको होतं."

"चूक माझी होती. मला पुन्हा उतरवायचीय. आहे तशी." मग धीर करून विचारले, "घरी ऐकलीत रात्री?"

"नाही."

"का?"

तो मफलरची गाठ सोडत राहिला. एवढीशी गाठ, पण फार वेळ लागला. "घरी रेकॉर्ड प्लेअर नाही. बाबा गेले त्याच वर्षी मोडला."

"मग नेलीत कशाला?"

"वाचवायला." कान लाल झाले होते, आणि तो माझ्याकडे न पाहता पियानोच्या भिंतीकडे पाहत होता. "शिवाय, चौदा दिवसांनी परत करायला यावं लागतं. मामा म्हणाले, मुदत वाढवायची असली तरी यावंच लागतं. पियानो तर... वर्षभर सुरातून उतरायचा नाही. फार चांगला लावला गेला. तेवढीच एक चूक झाली माझ्याकडून."

बोलण्याची गरज होती, पण शब्द अर्धे पाऊल मागे राहिले होते.

मी रेकॉर्ड लावली. हेडफोन एकच होता. तो आम्ही उलटा धरून एकेक कान वाटून घेतला. पहिला स्वर आला, आणि त्याच्या किंचित आधी, दुरून, थकलेला आणि आनंदी असा एक मानवी आवाज. मग बोटे, त्याच्या मागोमाग, विश्वासाने. त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता आणि कुणीही सरकले नाही. तिसऱ्या रचनेत वादक कुठेतरी अडखळला, स्वतःशीच हसला आणि पुढे गेला. ते हसू मी दोन दिवसांपूर्वी तीनदा खोडले होते.

संध्याकाळी नव्या नोंदीच्या तक्त्यात 'काढलेले दोष' असा रकाना आला. त्यात मी लिहिले: एकही नाही.

"माझ्या घरी रेकॉर्ड प्लेअर आहे," जिना उतरताना मी म्हणाले. "पण ताईही आहे. ती प्रश्न विचारते."

"विचारू देत. उत्तरं तयार आहेत."

"आणि चौदा दिवसांनी?"

"मुदत वाढवू," तो म्हणाला. "वाढवत राहू."

तो एक पायरी पुढे होता, रेकॉर्ड छातीशी धरून, आणि नकळत ती तिसरी रचना गुणगुणायला लागला होता. साऱ्या वाद्यांना सुरात आणणारा हा माणूस, पण स्वतः चांगला अर्धा स्वर उतरलेला. मला कानांनी लगेच कळले. सांगायचे ओठांवर आलेही होते.

मी ते तिथेच राहू दिले, आणि त्या बेसूर आवाजाच्या मागोमाग पायऱ्या उतरत गेले.