पिशवीतलं लिंबू

गावाचं नाव सांगत नाही. भांडण मिटलं असलं तरी भांडणारी माणसं अजून तिथंच राहतात, आणि त्यांना वाचता येतं. महागावहून फुलसावंगीकडे निघालं की कुठंतरी ते लागतं, एवढं पुरे. वाढता वाढता हे गाव बंजाऱ्यांच्या तांड्याला येऊन टेकलं, नगरपंचायत झाली, आणि एक दिवस सरकारने ठरवलं की या गावाचा पुढच्या वीस वर्षांचा आराखडा काढायचा. कुठं घरं, कुठं बाजार, कुठं रस्ता, सगळं आधीच नकाशावर रंगवून ठेवायचं. माणसाला संध्याकाळच्या भाजीचं ठरवता येत नाही, सरकारचं मात्र वीस वर्षांचं ठरतं.

या आराखड्यासाठी कोणत्या जागेवर आज काय आहे याची पाहणी करत फिरणारा इंद्रजीत चव्हाण ऐन दुपारी ममता पवारच्या नर्सरीत शिरला. कामासाठी नाही, पाण्यासाठी.

"साहेब, पाय सांभाळा. वांग्यावर देऊन राह्यले."

तो दचकून बाजूला झाला.

"आता मिरचीवर," ममता म्हणाली.

नर्सरी म्हणजे तांड्याच्या कडेची अर्धा एकर जागा. जमीन ममताच्या वडिलांची, किसनसिंगची, पण कारभार सगळा तिचा. बांबूंवर ताणलेली हिरवी जाळी आणि खाली काळ्या पिशव्यांतली रोपं, रांगेने. त्या जाळीखाली कुणाचाही चेहरा जरा हिरवटच दिसतो. इंद्रजीतचा तेवढा लाल दिसत होता.

बाजेवर बसलेल्या मानीबाईने, ममताच्या आजीने, त्याला तांड्याच्या गोरबोलीत हाक मारली, "आव बेटा, बेस." त्याने गोरबोलीतच उत्तर दिलं तशी म्हातारी सरसावून बसली. तांड्यावर पाण्याच्या तांब्याआधी गोत विचारतात. एका गोताचा निघाला तर तो भाऊ, विषय संपला.

"चव्हाण," इंद्रजीत म्हणाला.

मानीबाईने पवारांच्या नातीकडे पाहिलं. नातीने झारीकडे पाहिलं.

पाणी पिऊन झालं, चहा झाला, तरी पाहुणा उठेना. शेवटी काहीतरी घ्यायला हवं म्हणून त्याने लिंबाचं एक रोप घेतलं.

"लावणार कुठं?"

"महागावले... भाड्याची खोली आहे. वरच्या मजल्यावर."

"मग घेतलं कायले?"

त्याने रोप या हातातून त्या हातात घेतलं. ममताला हसू आवरेना. "असू द्या इथंच," ती म्हणाली, "सवड झाली की न्या."

सवड त्याला दर रविवारी व्हायची, फक्त रोप न्यायची होत नव्हती. "पानं किती आली ते पाह्यले आलो," म्हणायचा, मोजायला बसायचा, आणि ममता समोरून गेली की मोजणी चुकायची. पुन्हा पहिल्यापासून. ती मुद्दामच समोरून जायची, हेही सांगून टाकतो. दोघं तासन्‌तास बोलायचे ते बहुतेक कीड, खत आणि एसटीच्या वेळा याविषयी. पण रविवारी पाहुणा यायला उशीर झाला तर ममता टोमॅटोला दोनदा पाणी घालायची.

होळी झाली, आणि प्रारूप आराखडा नगरपंचायतीच्या सभागृहात लागला. अख्खी भिंत भरून नकाशा. गाव लोटलं होतं. लग्नाच्या फोटोत आपलं तोंड शोधावं तसा जो तो आपलं घर शोधत होता. ममता वडिलांना घेऊन गेली आणि तिला तांड्याच्या कडेला आपला अर्धा एकर सापडला. तिथं गर्द हिरवा रंग होता.

"बा, हे पाह्य! आपली नर्सरी दाखवली. हिरवी!"

ती खरंच हरखली होती. हा रंग कुणी दिला असेल हेही तिने मनात ठरवून टाकलं होतं, आणि त्या कुणालातरी शोधायला वळली तर तो मागेच उभा. तोंड उतरलेलं.

"ममता, तो हिरवा म्हणजे नर्सरी नाही," इंद्रजीत हळूच म्हणाला. "सार्वजनिक बाग आहे. आरक्षण. म्हणजे... पुढं नगरपंचायत ती जागा घेईल."

"पण तिथं आमची नर्सरी हाय ना!"

"पाहणीत रिकामी जागा लिहिली गेली."

"कोनं लिहिली?"

"मी."

किसनसिंगने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा नकाशाकडे पाहत राहिला.

झालं होतं ते असं. पाहणीत जमिनीवर जे उभं असेल ते लिहायचं. घर, विहीर, झाड. पिशव्या उचलून नेता येतात, म्हणून इंद्रजीतने रिकामी जागा लिहिलं. शेरा मारायला खाली जागा होती, तिथं नर्सरी आहे एवढं लिहिलं असतं तरी पुरलं असतं. ते राहून गेलं.

"काहून राह्यलं?" ममताने विचारलं. "अर्धा दिवस बसले होते तिथं. डोळे कुठं होते तुमचे?"

इंद्रजीतने तिच्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली. उत्तर तिला कळलं, आणि त्याचाच जास्त राग आला.

तिने हरकत दाखल केली. दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला तो लिंबाकडे न जाता सरळ तिच्यासमोर उभा राहिला.

"चूक माझी आहे. मी समितीपुढं तसंच सांगणार. पण त्याच्या आधी एक... मले तू पाहिजे, ममता. लगन करशील माझ्याशी?"

"वा! आधी जमीन काढली, आता मानूस मागून राह्यले."

"मी खरंच—"

"समजते मले." तिने झारी खाली ठेवली. "आज हो म्हनलं त लोक म्हनतीन जमिनीसाठी म्हनली. अन् नाही म्हनलं त..."

"त काय?"

"त काही नाही. तुमच्या निंबाले पानी घालून द्या. नकाशावरचा रंग जाऊ द्या, मंग सांगीन."

सुनावणी पावसाळ्याच्या तोंडाशी झाली. समितीच्या मधल्या खुर्चीवर एक निवृत्त नगररचनाकार बाई होत्या. चष्म्यावरून बघायच्या, आणि बघितलं की समोरच्याची निम्मी वाक्यं कमी व्हायची. इंद्रजीतने उभं राहून सांगितलं की नोंद त्याची, चूक त्याची, जागेवर चालती नर्सरी आहे. बाई लिहून घेणार, तेवढ्यात मागून विठ्ठलराव उठले. नर्सरीला लागून त्यांचा प्लॉटचा लेआउट. शेजारी बाग झाली की प्लॉटला सोन्याचा भाव, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

"मॅडम, हा पोरगा दर रविवारी तिथंच राह्यते. सोयरीक हाय का काय, इचारा त्याले."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्जदाराशी तुमचं काही नातं?"

'नाही' म्हणायला हरकत नव्हती. खोटं नव्हतं. त्या एका शब्दावर नर्सरी वाचत होती. नाही म्हण, ममता मनात म्हणत होती, म्हणून टाक... आणि त्याच वेळी तिला भीती वाटत होती, की हा भरसभेत खरंच तसं म्हणेल.

"नातं नाही, मॅडम." इंद्रजीत थांबला. "पण मी मागणी घातली आहे. उत्तर आलं नाही अजून."

सभागृहात हशा पिकला. किसनसिंगने मान वळवून लेकीकडे पाहिलं. मागणीची बातमी बापाला अशी कळली. मानीबाईला ती पहिल्या चहापासूनच ठाऊक होती.

"मग तुमचं म्हणणं मला धरता येणार नाही," बाई म्हणाल्या. "बसा."

ममताचे कान तापले. आतापर्यंत याची नोंद नडली, आता खरेपणा नडला! बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं.

"एक शबूद होता. एक! मेल्यासारखं गप्प बसता नाही आलं?"

"नाही आलं. तुझं नाव कोणी इचारलं, अन् मी काहीच नाही म्हणू?"

ती ताडताड निघून गेली. पण वेशीजवळ पोचेपर्यंत तिला रडू येत होतं, आणि ते नुसतं रागाचं नव्हतं. असं सगळ्यांदेखत आपलं म्हणणारं माणूस तिला आवडलं होतं, आणि त्यापायी जमीन चालली होती. दोन्ही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई जागा पाहायला स्वतः नर्सरीत आल्या. मानीबाईने त्यांचंही गोत विचारलं. बाई पहिल्यांदाच हसल्या. मग रांगेरांगेने फिरल्या. कोपऱ्यातली एक पिशवी त्या उचलायला गेल्या तर निघेना.

"हे काय?"

ममता गोंधळली. बाकीच्या पिशव्या ती अधूनमधून जागेवरून हलवायची, मुळं खाली उतरू नयेत म्हणून. नर्सरीचा तो रिवाजच आहे. हीच एक तिने कधी हलवली नव्हती. लिंबाची मुळं पिशवी फोडून जमिनीत गेली होती.

"विकायचं नाही का हे?"

"इकलेलं हाय, मॅडम. घेणाऱ्यानं नेलं नाही."

"का बरं?"

"त्याले नेन्यापेक्षा येणंच जास्त आवडे," मानीबाई बाजेवरून बोलली. ममताने पदर नसतानाही तोंड झाकायला हात नेला. बाईंनी पिशवी सोडली, हात झटकले आणि कागदावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: चालती नर्सरी, लिंबाचं झाड, मुळं जमिनीत.

निकाल लगेच लागत नसतो. इंद्रजीतला आराखड्याच्या कामावरून काढून वणीकडे पाठवलं. तिथल्या राजूरच्या खाणीतल्या कोळशाने त्याची शर्टं काळी होत होती, असं कळायचं. फोन तो करत नव्हता. रंग जाईपर्यंत उत्तर नाही, हे त्याने मानलं होतं. असले रविवार ममताने कधी काढले नव्हते. पाणी घालण्यासारखं एकही रोप कोरडं राहत नव्हतं.

दिवाळीनंतर एका सकाळी बदललेला आराखडा भिंतीवर लागला. बाग नाल्यापलीकडच्या ई-क्लासच्या सरकारी पडीकात सरकली होती. तिच्या अर्ध्या एकरावर कुठलाच रंग नव्हता. ममताने तिथं बोट ठेवून पाहिलं, मग घरी आली, कुदळ घेतली, आणि हात धुऊन फोन लावला.

"रंग गेला," ती म्हणाली.

पलीकडे ट्रकांची घरघर. मग त्याचा श्वास. "मग?"

"मंग काय... तुमचं निंबू आता तुम्हाले भेटनार नाही."

"काहून?"

"पिशवी फाडली मी. जमिनीत लावलं, मधोमध. आता ते काही कुठं जात नाही."

पलीकडे ट्रकचा हॉर्न वाजला.

"ममता... मी रविवारी येतो."

"आज कोनता वार हाय?"

"गुरुवार."

"मंग रविवार कायले?"

वणीहून दुपारची एसटी सुटायला अजून वेळ होता. इंद्रजीतने ती धरली.