प्रारंभवय

प्रारंभक यंत्रणा सुरू होऊन सहा वर्षं झाली होती. नागपूरच्या केंद्रातल्या पडद्यावर त्या सहा वर्षांचा आलेख होता. साठीच्या आतल्या स्तनकर्करोगाच्या नोंदी निम्म्यावर आल्या होत्या.

"समिती खूश आहे," संख्याशास्त्रज्ञ मुनघाटे म्हणाले. "आजार घटला, तर तपासणी आणखी उशिरा सुरू करू म्हणतात."

"पण घटला कशामुळे?" डॉ. वैजयंती खानझोडे यांनी विचारलं.

यंत्रणा त्यांनीच रचली होती. पूर्वी सगळ्या बायकांची तपासणी एकाच वयात सुरू होई. प्रारंभक प्रत्येकीचं वय वेगळं काढत असे. आईला अठ्ठेचाळिसाव्या वर्षी आजार निघाला, की मुलीचं प्रारंभवय आपोआप अडतीस होई. आईला काहीच नसेल तर पन्नास.

"ते नाही सापडलं. पण हे बघा." मुनघाट्यांनी नोंदी महिन्यांप्रमाणे मांडल्या. "दरवर्षी आषाढात एकदम उसळी. आणि या बायकांच्या गाठी मोठ्या, पसरलेल्या."

"कर्करोग पंचांग बघून होत नाही, मुनघाटे."

"होत नसेल. सापडतो मात्र लग्नसराई संपल्यावर." त्यांनी चष्मा काढला. "पुतणीसाठी स्थळं बघतोय. हल्ली पत्रिकेच्या आधी प्रारंभवय विचारतात. पन्नास असेल तर बोलणी पुढे जातात. अडतीस म्हटलं की 'कळवतो' म्हणतात. कळवत कुणीच नाही."

वैजयंती आलेखाकडे बघत राहिल्या. आईचा आजार नोंदला, की मुलीचा आकडा उतरत होता. तो उतरू नये म्हणून मुलगी सासरी जाईपर्यंत आया दवाखान्याची पायरी चढत नव्हत्या.

"आजार घटलेला नाही," त्या म्हणाल्या. "आपण तो लपवायला लावला."

"लग्नानंतर का होईना, येतात तरी."

"आणि ज्यांच्या मुलींचं लग्नच होत नाही?"

"त्या नोंदीत नाहीत, मॅडम."

वैजयंती जिन्यात आल्या आणि त्यांनी यवतमाळला सत्तावन्न वर्षांच्या आईला फोन लावला. त्या एकुलत्या. सदतीस वर्षांच्या. लग्न केलं नव्हतं, करायचंही नव्हतं.

"आई, तुला तपासणीचं बोलावणं येतं ना? जातेस का?"

"मला काय धाड भरलीय? जाईन की. आधी तुझं होऊ दे."

"माझं आता काय व्हायचंय?"

"का बरं? अमरावतीच्या त्या प्राध्यापकांनी विचारलंय. बिजवर आहेत, पण माणूस चांगला. तू तेवढं नाक मुरडू नकोस."

"आई, गाठ कुठल्या बाजूला आहे?"

पलीकडे मिक्सर बंद झाला.

"डाव्या," आई म्हणाली. "दोन वर्षं झाली. दुखत नाही गं. पण तुझ्या त्या यंत्रात घालू नकोस. तुझा आकडा खाली येईल."