डीकनचा स्वभाव

आमच्या डीकनच्या नाकावर कायम राग. पूर्व टेक्ससमधल्या धामणी सगळ्या तशाच. विषाचा थेंब नाही, पण ऐट नागाची. नवखं माणूस दिसलं की मान दुमडायची, शेपटी पाल्यात थरथरवून खुळखुळ्या सापाची नक्कल करायची, आणि एवढ्यानेही समोरचा हलला नाही तर सरळ चावायचं. मला तो तीसेक वेळा तरी चावला असेल.

माझ्या बायकोला, आर्डिथला, तो नऊ वर्षांपूर्वी कोंबड्यांच्या खुराड्यात सापडला, अंड्यांच्या टोपलीत. तेव्हा पेन्सिलीएवढा होता. शेजारच्या कुणाला सापडता तर कुदळीने दोन तुकडे झाले असते. आर्डिथने एप्रनमध्ये गुंडाळून घरात आणला. मान उंच करून डुलायची त्याची तऱ्हा थेट आमच्या चर्चच्या डीकनसारखी, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालच्या सेवकासारखी, म्हणून हे नाव. खऱ्या डीकनच्या कानावर गेलं तेव्हा तो महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

आर्डिथला मात्र डीकन कधी चावला नाही.

"हार्लन, तू वरून हात घालतोस," ती म्हणायची. "वरून येते ती घार. खालून हात ने आणि थांब. साप काही माया करत नाही रे, तो फक्त ठरवतो, हे झाड बरं आहे की नाही. आपण झाड व्हायचं."

रोज दुपारी चारला ती मागच्या जाळीच्या पडवीत बसायची. डीकन तिच्या उजव्या हातावरून निघाला की ती डावा हात पुढे धरायची, तो डाव्यावर आला की उजवा. असा तास-तासभर तो जिना चढत राही आणि ती गालातल्या गालात हसत राही. मी एकेचाळीस वर्षं लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावली. एवढ्या वेळात चार पाती झाली असती, असं मी तिला चिडवायचो. खरं तर मला तिच्याकडे बघत बसायला आवडायचं.

गेल्या जूनमध्ये आर्डिथला वीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात ठेवावं लागलं. चूल पेटती ठेवून ती रस्त्याने चालत निघायची. आता ती मला ओळखत नाही, "सर" म्हणते. मार्चमध्ये तिच्याच खोलीतली दुसरी खाट रिकामी झाली आणि आश्रमाने मला विचारलं. जागा एक तारखेपर्यंतच धरून ठेवणार होते, आणि तिथे साप चालणार नव्हता.

"डॅडी, यात विचार काय करायचा?" आमची मुलगी ट्वायला फोनवर म्हणाली. "पन्नास वर्षं संसार केलेल्या बायकोशेजारची खाट की एक खवीस साप?"

"खवीस नाही गं तो. भित्रा आहे."

"मग भित्रा साप. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई शनिवारी न्यायला येतील. मी बोललेय त्यांच्याशी."

मी हो म्हणालो.

त्या सोमवारी चारला, शेवटचे पाच दिवस आहेत म्हणून, मी डीकनला पडवीत मोकळं सोडलं. तो आर्डिथच्या खुर्चीच्या पाठीवर चढला आणि समोर हवेत लांबला. धामण आपलं एक तृतीयांश अंग तसं तोलून धरते, त्यात नवल नाही. पण तो पुढेच जात राहिला. मी फूटपट्टी आणली. डीकन पाच फूट चार इंच. खुर्चीवर जेमतेम एक फूट शेपटी उरली होती. बाकीचा साप हवेत होता, सावकाश पुढे सरकत होता, आणि मधे एका जागी त्याचे पोटाचे खवले चपटे झाले होते. तळहातावर होतात तसे.

मी खाली हात फिरवून पाहिला. काही नव्हतं. डीकन मला चावलासुद्धा नाही.

मंगळवारी मी चारच्या सुमारास आश्रमात गेलो. आर्डिथची काळजी घेणारी मिस ओपल दारातच म्हणाली, "मिस्टर हार्लन, हे रोज चाललंय बघा. डॉक्टर म्हणतात, बेचैनी आहे. गोळी देऊनही थांबत नाही."

आर्डिथ खिडकीशी बसली होती. उजवा हात पुढे, मग डावा, मग उजवा. गालातल्या गालात हसत होती. मी घड्याळ लावून बसलो. पाच वाजता तिने दोन्ही हात अलगद मांडीवर उतरवले.

घरी ट्वायलाने पाठवलेल्या खोक्याला भोकं पाडता पाडता मला रडू आलं.

गुरुवारी डीकनचे डोळे दुधाळ निळे झाले. कात टाकायच्या आधी सापांचं तसं होतं. त्या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो घाबरलेला असतो, आणि गरिबातला गरीब सापही तेव्हा चावतो. त्याला कुणी हात लावायचा नसतो. मी पिंजऱ्याला कडी घातली आणि समोर बसलो.

चार वाजले.

डीकनने मान दुमडली. शेपटी थरथरली. समोर काही नव्हतं, मीही सहा फुटांवर होतो.

त्याने झेप घेतली. त्याचा जबडा हवेत मिटला, आणि मिटलेलाच राहिला, कशावर तरी. मग त्याने सोडलं आणि कोपऱ्यात वेटोळं केलं.

मी गाडी काढली.

मिस ओपल आर्डिथचं मनगट कापसाने पुसत होती. बारीक टोचल्याच्या दोन वाकड्या रांगा, प्रत्येक टोकावर रक्ताचा ठिपका.

"गुलाबाच्या झाडात हात घातला असेल," ओपल म्हणाली. "हा बघा काटा." तिने चिमट्याने काहीतरी काढून कापसावर ठेवलं.

केसाएवढा दात होता. मागे वळलेला. मला तीसेक वेळा टोचलेला.

ओपल पट्टी आणायला गेली. आर्डिथने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि माझी बाही धरून जवळ ओढलं.

"सर, एक काम कराल? हे हार्लनला सांगू नका."

"का?"

"तो आधीच शनिवारी डीकनला देऊन टाकणार आहे." तिचे डोळे भरले होते. "मग मी दिवसभर करू काय?"

खोलीत दुसरी खाट होती. तिच्यावर माझ्यासाठी धुतलेली चादर घातलेली होती.

"नाही देणार तो," मी म्हणालो. "मी ओळखतो त्याला."